दारावरचा देव, मनगटावरचे दार

चिनी नववर्षाच्या तोंडावर घराच्या दाराच्या दोन फळ्यांवर चिलखत घातलेल्या दोन योद्ध्यांची रंगीत चित्रे चिकटवायची चाल आहे. बहुतेक वेळा हे थांग राजवटीचे दोन सेनापती असतात, छिन शूबाओ आणि युची जिंगदे. भुताखेतांनी उंबरा ओलांडू नये म्हणून ते पहाऱ्याला उभे. त्यांना म्हणतात 'मन-शन', म्हणजे दाराचे देव. हीच दोन अक्षरे उलटी केली की 'शन-मन' होते आणि ते मात्र दारावर नसते, मनगटावर असते. तळहात संपतो त्या घडीवर करंगळीच्या बाजूला एक कंडरा हाताला लागते, तिच्या आतल्या अंगाला बोटाचे टोक मावेल एवढा खळगा आहे, तोच हा बिंदू. झोप येत नाही, छातीत धडधडते, काही लक्षात राहत नाही अशी तक्रार असली की चिनी वैद्य तिथे सुई टोचतो. चीनमधल्या रुग्णालयात मज्जासंस्थेच्या आजारांचा जो विभाग असतो, त्याच्या नावातले पहिले अक्षरही हेच, शन. (उच्चार 'शन' आणि 'शेन' यांच्या मधला, पण 'शेन' लिहिले तर मराठी डोळा त्याचे शेण करील, म्हणून शन.) देव, झोप आणि मज्जातंतू यांना एकाच अक्षराने बांधलेले पाहिले की या शब्दाचे भाषांतर काय करावे हा प्रश्न पडतो. इंग्रजीत त्याला 'स्पिरिट' म्हणतात, आणि तिथून आपल्याकडे येताना त्याचा अगदी सहज 'आत्मा' होऊन बसतो. माझ्या मते हे भाषांतर चुकीचे आहे, आणि चूक निव्वळ शब्दाची नाही. आत्मा म्हटले की आपल्या मनात देहापासून वेगळे, अविनाशी असे काहीतरी उभे राहते. चिनी वैद्यकातला शन झिजतो, सांडतो, अन्नाने भरून येतो, डोळ्यांत दिसतो आणि शेवटी संपतो.

मुळात हा शब्द देवळातलाच. अक्षराचा डावा भाग वेदीचा, पूजाविधीचा. उजवा भाग विजेच्या आकृतीवरून आला असे मानतात. आकाशात कडाडणारे आणि ज्याला नैवेद्य दाखवायचा ते, असा त्याचा जुना अर्थ. त्या जगात आजार बाहेरून येई, कोपलेल्या पितराकडून नाहीतर भुताकडून. हुनान प्रांतातल्या छांगशा शहराजवळ मावांगदुई येथे इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेली एक कबर १९७३ साली उघडली, तेव्हा तिच्यात रेशमावर लिहिलेला वैद्यकाचा मजकूर सापडला. त्यातल्या एका ग्रंथात ५२ व्याधींवरचे उपाय आहेत. पाल्याचे लेप आहेत, शेक-डाग आहेत, आणि त्यांच्याच शेजारी मंत्र म्हणणे, थुंकणे, व्याधीला दरडावणे हेही आहे. औषध आणि अंगारा यांत लिहिणाऱ्याला काही विसंगती वाटलेली नाही. सुई टोचण्याचा उल्लेख मात्र त्यात नाही.

यानंतर फार काळ न जाता, हान राजवटीत, 'ह्वांगदी नेइजिंग' हा चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ आकाराला आला. पीत सम्राट प्रश्न विचारतो आणि छी-बो व इतर मंत्री उत्तरे देतात, अशी त्याची संवादाची धाटणी. 'सुवेन' आणि 'लिंगशू' हे त्याचे दोन भाग, प्रत्येकी ८१ अध्यायांचे. त्यात देवांचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. सुवेनच्या तेराव्या अध्यायात सम्राट विचारतो की पूर्वी मंत्राने व्याधी जात, मग आता औषधे आणि सुया का लागतात? छी-बो मंत्रांना खोटे म्हणत नाही. तेव्हाची माणसे साधी होती, मनात हाव नव्हती, रोग आत खोल जात नसे. आजच्या माणसाचे तसे नाही, एवढेच तो सांगतो. मुत्सद्दी उत्तर आहे. जुन्याचा मान राहतो आणि मांत्रिक दवाखान्याबाहेर जातो. अकराव्या अध्यायात तर भुतादेवांत अडकलेल्याशी वैद्यकाचे बोलणेच होऊ शकत नाही असा सूर आहे. इतिहासकार सीमा च्येनने पिएन-च्वे या वैद्याचे चरित्र लिहिताना बरे न होणारे सहा प्रकारचे रोगी सांगितले आहेत, त्यांपैकी एक म्हणजे मांत्रिकावर विश्वास ठेवणारा आणि वैद्यावर न ठेवणारा.

पण देवांना बाहेर काढताना वैद्यांनी त्यांचे नाव टाकून दिले नाही, ते आत घेतले. सुवेनच्या आठव्या अध्यायात शरीर म्हणजे एक दरबार आहे. हृदय राजा, फुप्फुसे प्रधान, यकृत सेनापती, पित्ताशय निवाडा करणारा. असे बारा अधिकारी. शनचा प्रकाश राजाकडून, म्हणजे हृदयातून निघतो. आकाशातला देव असा काळजात येऊन बसला आणि बसताना त्याचे देवपण गेले. आता त्याला नैवेद्य नको, नवस नको. त्याला लागते रक्त. हृदयात रक्त पुरेसे असेल तर शन घरात टिकतो. रक्त उणे झाले की रात्री त्याला टेकायला जागा उरत नाही आणि माणूस छताकडे बघत पडतो. निद्रानाशाची ही उपपत्ती बरोबर आहे असे मला म्हणायचे नाही. तिच्यातला शन कोणत्या जातीचा पदार्थ आहे एवढेच पाहायचे आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा एका साध्या काढ्यात आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या चांग चुंगचिंग या वैद्याच्या 'चिनक्वेइ याओल्युए' या ग्रंथात स्त्रीरोगांच्या प्रकरणात एक व्याधी येते. बाई कारण नसताना दुःखी होते, रडू रडू म्हणते, पुन्हा पुन्हा जांभया देते, अंग ताणते. बघणाऱ्याला वाटावे की हे कुणा देवतेचेच काम. आपल्याकडे अशा वेळी काय होते ते सांगायला नको: कुणी म्हणेल अंगात आले, कुणी म्हणेल बाहेरचे झाले, आणि धाग्यादोऱ्याची धावपळ सुरू होईल. ग्रंथकार 'जणू' एवढ्या एका शब्दावर देवतेची बोळवण करतो आणि पुढच्याच ओळीत काढा सांगतो: ज्येष्ठमध, गहू आणि दहा लाल बोरे. बोरे म्हणजे आपल्या बोरीच्याच कुळातले चिनी फळ, ज्याला भाषांतरकार खजूर म्हणून मोकळे होतात. काढा मसालेदार नाही, कडूही नाही. जवळजवळ पेजेच्या जातीचा गोडसर प्रकार. लक्षण देवाचे आणि उतारा धान्याचा! ज्या परंपरेला शन म्हणजे अमर आत्मा वाटत असता, तिने त्याच्या दुखण्यावर गहू शिजवायला घातला नसता.

औषधांची नावे पाहिली तरी हेच दिसते. 'शनला स्वस्थ करणारी' औषधे असा चिनी औषधशास्त्रात एक वर्गच आहे. त्यात आंबट बोराच्या बिया आहेत, त्या रक्त भरून आणतात म्हणून. आणि त्यात जड खनिजेही आहेत, का, तर उडू पाहणाऱ्या शनवर वजन ठेवायला! वाऱ्याने कागद उडू नये म्हणून आपण वर दगड ठेवतो, तसा हा हिशेब. तेराव्या शतकातल्या ली तुंगयुआनची शनला शांत करणारी एक प्रसिद्ध गोळी आहे. तिचे मुख्य द्रव्य हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. आपल्या रसशास्त्राच्या वाचकाला हिंगूळ परका नाही आणि त्याचे धोकेही. पाऱ्याची विषबाधा मूत्रपिंडे आणि मज्जासंस्था दोन्ही बिघडवते, तेव्हा वजन ठेवण्याचा हा उपाय मुळात ज्याला वाचवायचे त्याच्याच मुळावर येणारा होता, हे स्पष्ट बोललेले बरे. पण विचाराची घडण त्यातून दिसते. ज्याच्यावर दगडाचे वजन ठेवता येते, ते अशरीरी नव्हे.

या घडणीला वैद्यांनी तीन शब्दांचा साचा दिला: जिंग, ची आणि शन. समजावून सांगताना दिव्याची उपमा देतात. जिंग म्हणजे तेल, आईबापांकडून आलेले आणि रोजच्या अन्नातून थोडे थोडे भरून निघणारे सत्त्व. ची, म्हणजे शरीरभर वाहणारी प्राणशक्ती, ही ज्योत. शन म्हणजे उजेड. उजेड तेलाहून वेगळा असतो, पण तेलावाचून नसतो. भावनांचेही तसेच. सुवेनमध्ये रागाने ची वर चढते, भीतीने खाली उतरते, शोकाने विरते, अति विचाराने तिची गाठ होते. मराठीत राग मस्तकात जातो, भीतीने पायांतले बळ जाते आणि विचार करून करून डोक्याचा गुंता होतो. दोन भाषांनी एकमेकींकडून काही उसने घेतलेले नाही, शरीर दोघींना तेच मिळाले होते. म्हणूनच शनसाठी मराठी शब्द शोधायचाच तर मी 'आत्मा' सोडून 'जीव' घेईन. जीव घाबरा होतो, जीव रमत नाही, जीव थोडा थोडा होतो, औषधाने जिवात जीव येतो. आत्म्याचे असे काही होत नाही; तो कुणाच्या बोलण्याने कासावीस झाल्याचे ऐकिवात नाही.

यावर जाणता वाचक एक पक्का आक्षेप घेईल. चिनी वैद्यक एकच शन मानत नाही, पाच मानते. हृदयात शन, यकृतात हुन, फुप्फुसांत पो, प्लीहेत यी म्हणजे ध्यानी धरणे, मूत्रपिंडांत झी म्हणजे जिद्द. लिंगशूचा आठवा अध्याय या पाचांवरच आहे. त्यातल्या हुन आणि पो या दोन्ही अक्षरांत भुताचे चिन्ह आहे, आणि चिनी लोकसमजुतीत माणूस मेल्यावर हुन वर जातो, पो मातीत उतरतो. मग हा आत्मा नाही तर काय? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तर त्याच समजुतीच्या एका फार जुन्या पुराव्यात सापडते. इ. स. पू. ५३५ मध्ये चंग राज्यात पोयू नावाच्या मारल्या गेलेल्या सरदाराच्या भुताने लोकांना पछाडले होते, असे 'त्सोच्वान' या इतिहासग्रंथात आहे. तिथला मंत्री झीछान याने भूत का होते ते सांगितले: माणसाने जन्मभर ज्या वस्तू भोगल्या त्यांचे सत्त्व साचून हुन आणि पो बळकट होतात, मोठ्या घराण्यातला माणूस भरपूर खातो-पितो, आणि असा माणूस अपघाती गेला तर त्याची ताकद लगेच ओसरत नाही. म्हणजे भूतसुद्धा खाऊन-पिऊन तगडे झालेले! झीछानने उपायही शोभेसा केला: पोयूच्या मुलाला पद दिले आणि भूत थांबले. इथे आत्मा अविनाशी नाही. तो पोसला जातो, आणि पोसणे थांबले की विरतो. वैद्यांनी तर याहून पुढे जाऊन दोघांना कामाला लावले. हुन झोप, स्वप्ने आणि बेत यांचा धनी झाला, पो स्पर्श-वेदनेचा. पाठीवर कण्यापासून चार बोटे अंतरावर बिंदूंची एक रांग आहे. तीत पोचे दार, शनचे दालन, हुनचे दार, यीची ओसरी आणि झीची खोली अशा नावांचे बिंदू वरून खाली येतात, आणि प्रत्येक जण आतल्या रांगेतल्या आपापल्या अवयवाच्या बिंदूशी बरोबर समपातळीत बसतो. पाचही जणांना असे पत्ते मिळालेले आहेत. आणि लिंगशूच्या ५४व्या अध्यायात दहा दहा वर्षांच्या टप्प्यांनी माणसाचे आयुष्य सांगताना शंभरीला पाचही अवयव रिते होतात, शन जातो आणि नुसता आकार उरतो. कुठे जातो, पुढे त्याचे काय होते, याबद्दल ग्रंथ अवाक्षर काढत नाही. वैद्याचे काम तिथे संपले.

शन सिद्धान्तात जितका आहे, त्याहून अधिक तो नजरेत आहे. रोगी दारातून आत येताना वैद्याने पहिल्यांदा जे पाहायचे ते शन, मग रंग, मग बांधा. डोळे चमकदार आणि हलते आहेत का, बोलणे संबद्ध आहे का, हालचाल बेताची आहे का, चेहऱ्यावर तेज आहे का. यावरून शन आहे, शन कमी आहे, शन गेला, असे प्रकार आजच्या पाठ्यपुस्तकांतही शिकवतात, आणि त्यांत चौथा एक आहे: खोटा शन. दीर्घ आजाराने खंगलेला माणूस, दिवसेंदिवस न बोललेला, एकाएकी डोळे उघडतो, खायला मागतो, लांबच्या नातेवाइकाची चौकशी करतो. गाल लालसर दिसतात, पण लाली रंग फासल्यासारखी असते, आतून आलेली नसते. घरच्यांना वाटते, देव पावला. वैद्य मात्र सावध होतो, कारण हे तेल संपल्याचे लक्षण आहे. दिवा विझण्यापूर्वी मोठा होतो हे आपल्याकडच्या आजीलाही माहीत असते. चिनी वैद्यकाने त्याला नाव देऊन निदानाच्या यादीत बसवले. अशी नजर म्हणजे वैद्याची मर्जी, तिला मोजमाप काय, असे विचारता येईल. मोजमाप नव्हते, हे खरे. पण १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या दोघा मेंदू-शल्यवैद्यांनी बेशुद्धीची खोली मोजायची पट्टी केली, तेव्हा त्यांनीही निवडले काय? डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल. पुढे त्याला ३ ते १५ असे गुण दिले, दोन परिचारिकांचे उत्तर जुळेल इतके काटेकोर केले, आणि म्हणून ती पट्टी जगभर चालली. निरीक्षण जुन्यांचे चुकलेले नव्हते. त्याला गुण द्यायचे त्यांना सुचले नाही, आणि हा फरक लहान नाही.

हृदयाची गोष्ट वेगळी. तिथे ते चुकले, आणि ते दाखवायला बाहेरचे कुणी लागले नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ली शचनने आपल्या प्रचंड औषधकोशात एका फुलाच्या नोंदीत जाता जाता लिहून टाकले की मूळ शनचे घर मेंदू आहे. वांग छिंगरेन हा वैद्य त्याहून धीट. १७९७ साली ल्वानचौ भागात मुलांची साथ आली. गरिबांनी उथळ पुरलेली प्रेते कुत्र्यांनी उकरली होती. वांग दहा दिवस रोज सकाळी तिथे जाऊन उघड्या पोटांतले अवयव ग्रंथातल्या चित्रांशी ताडून पाहत होता, आणि ते जुळत नव्हते. १८३० मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकाचे नावच 'वैद्यकातील चुकांची दुरुस्ती' अशा अर्थाचे आहे. बुद्धी आणि स्मृती हृदयात नाहीत, मेंदूत आहेत, असे त्यात तो ठासून सांगतो, आणि टाळू भरत जाते तसतशी मुलाची समज वाढते याकडे बोट दाखवतो. चरकानेही चेतनेचे स्थान हृदयच मानले होते, तेव्हा या चुकीबद्दल चिन्यांना वेगळे काढून हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण गंमत पुढे आहे. राजाचे सिंहासन हृदयातून मेंदूत हलले तरी शन शब्द गेला नाही, तोही तिकडे राहायला गेला. १७७१ मध्ये जपानमधल्या एदो शहराच्या वधस्थळावर एका प्रेताची चिरफाड पाहून आलेल्या सुगिता गेनपाकू आणि त्याच्या मित्रांनी डच शरीररचनेचे पुस्तक जपानी विद्वानांच्या चिनी भाषेत उतरवायला घेतले. ते १७७४ मध्ये निघाले. मज्जातंतूसाठी डच शब्द होता, चिनीत नव्हता. त्यांनी 'शनची ची' आणि शरीरातल्या वाहिन्यांचा जुना शब्द यांची मोट बांधून नवा शब्द केला. पुढे चीनमध्ये बेंजामिन हॉब्सन या मिशनरी डॉक्टराने १८५१ मध्ये 'मेंदूच्या चीची शीर' असा आपला शब्द आणला होता, पण टिकला तो जपानमार्गे आलेला. रुग्णालयातल्या त्या विभागाच्या नावातला शन असा तिथे पोचला.

विसाव्या शतकात मात्र शनची दोन्हीकडून ओढाताण झाली. १९५६ मध्ये पेइचिंग, शांघाय, क्वांगचौ आणि छंगतू येथे पारंपरिक वैद्यकाची सरकारी महाविद्यालये निघाली, पाठ्यपुस्तके लिहिली गेली, आणि भौतिकवादी राजवटीत भुतांचे चिन्ह असलेल्या हुन आणि पो यांना मागच्या बाकावर बसावे लागले. शन म्हणजे 'मानसिक क्रिया' एवढेच ठळक राहिले. पश्चिमेत उलटे घडले. तिथल्या वाचकाला अ‍ॅक्युपंक्चरमध्ये आधुनिक वैद्यकाने हरवलेले काहीतरी पवित्र हवे होते, आणि शनला त्याने ते पावित्र्य बहाल केले. माचोचा या वजनदार लेखकाने हृदयातल्या शनला 'मन' म्हणावे आणि पाचांच्या समूहाला 'स्पिरिट', असा मधला मार्ग काढला; तो प्रामाणिक आहे, पण मन विरुद्ध शरीर ही फाळणी त्यातही राहतेच. नुसते 'मन' म्हणून काय बिघडते, असे कुणी विचारील. काय बिघडते ते त्याच छांगशा शहरात दिसले, जिथे मावांगदुईची कबर आहे. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात १०० रुग्ण तपासले. सर्वांचे निदान होते 'शनजिंग श्वायरुओ', शब्दशः मज्जातंतू गळून जाणे, आणि त्यातले पहिले अक्षर पुन्हा तेच. लोक डोकेदुखी सांगत, झोप नाही म्हणत, चक्कर, थकवा. पाश्चात्त्य निकषांनी पाहिले तर त्यांतल्या ८७ जणांना नैराश्याचा आजार होता. ते मनातले लपवत होते असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या भाषेत जीव थकला की डोके दुखते आणि झोप उडते हे एकाच शब्दात येते, तिथे त्यांनी काही लपवले नव्हते. क्लाइनमन यांना पुढे असेही दिसले की नैराश्याच्या गोळ्यांनी बऱ्याच जणांची लक्षणे हटली, तरी कामाच्या ठिकाणचा आणि घरचा पेच तसाच राहिला तिथे आजारपणही पुरते सुटले नाही. पुष्कळांच्या कहाण्यांत सांस्कृतिक क्रांतीची दहा वर्षे होती: तुटलेले शिक्षण, दूर नेमलेली नवरा-बायको, चारचौघांत झालेली मानखंडना. हे सगळे उघड बोलायची सोय नव्हती. डोके दुखते, एवढे मात्र डॉक्टरला सांगता येत होते.